सेशन रेप्लिकेशन नाही म्हणून आमचं क्लस्टर ‘धूळफेक’? अजिबात मान्य नाही

रात्रपाळी:
परवा विक्रांत यांनी इथे लिहिलं, ‘दोन टॉमकॅट मांडून पुढे स्टिकी लोड बॅलन्सर लावणं म्हणजे क्लस्टर नव्हे, ग्राहकाच्या डोळ्यांत धूळफेक आहे. सेशन रेप्लिकेशन नसेल तर क्लस्टरचे पैसे घेऊ नका.’ दोन दिवस गप्प बसलो, पण माझ्या आणि माझ्यासारख्या अनेकांच्या कामाला फसवणूक म्हटलंय, म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: टॉमकॅट हा जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, आणि एकत्र काम करणारे असे अनेक सर्व्हर म्हणजे क्लस्टर. सेशन म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरच्या मेमरीतली माहिती. तिची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणं म्हणजे रेप्लिकेशन. येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटतो तो लोड बॅलन्सर, आणि एका माणसाला कायम एकाच सर्व्हरकडे पाठवतो तो स्टिकी.

चौदा वर्षं टॉमकॅट सांभाळतोय. आज तीन नोड, म्हणजे तीन टॉमकॅट आहेत, पुढे अपाची वेब सर्व्हर आणि त्यात रिक्वेस्ट टॉमकॅटकडे वाटणारं मॉड-जेके. एका पतसंस्थेच्या कामात रेप्लिकेशन मीच लावलं होतं आणि मीच काढलं.

झालं असं. कर्जाच्या अर्जात जामीनदारांची यादी सेशनमध्ये होती. पहिला जामीनदार टाकताना कोड सेट-ॲट्रिब्यूट करायचा, म्हणजे यादी सेशनमध्ये रीतसर नोंदवायचा, दुसऱ्याला मात्र यादी काढून त्यात नुसतं ॲड करायचा. एका मशीनवर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं, कारण मेमरीतली यादी तीच. सेशनच्या प्रती पाठवणाऱ्या टॉमकॅटच्या डेल्टा मॅनेजरला सेट-ॲट्रिब्यूट झाल्याशिवाय बदल कळतच नाही. एक दिवस एक नोड रीस्टार्ट केला, माणसं दुसऱ्यावर गेली. लॉगिन शाबूत, अर्ज शाबूत, जामीनदार दोनाऐवजी एक. लॉगमध्ये एक ओळ नाही. शाखेतल्या ताईंनी कागदाशी ताडून पाहिलं म्हणून सापडलं. माणूस लॉगआउट झाला तर शिव्या घालून परत भरतो. पूर्ण दिसणारा अर्धवट अर्ज तसाच पुढे सरकतो.

शिवाय रेप्लिकेशन लावलं तरी स्टिकी सुटत नाही. प्रत कशी पाठवायची ते ठरवणाऱ्या चॅनल-सेंड-ऑप्शन्स या सेटिंगची मूळ किंमत ८, म्हणजे असिंक्रोनस. ब्राउझरला उत्तर आधी जातं, दुसऱ्या नोडला प्रत नंतर. टॉमकॅटच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्टिकी ठेवा असंच सांगितलंय. मग धूळफेक कोण करतंय?

विक्रांत_स:
तुमचा किस्सा वाचला. त्यात चूक टॉमकॅटची नाही, कोड लिहिणाऱ्याची आहे. बदल केला की सेट-ॲट्रिब्यूट करायचं आणि सेशनमधली प्रत्येक वस्तू सीरियलायझेबल (दुसऱ्या नोडला पाठवता येईल अशी) हवी, हे दोन नियम पाळता येत नसतील तर दोष अवजाराचा नाही.

आता माझं ऐका. प्रवेशाचे दिवस होते. मी तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात उभा होतो, आमचंच ॲप्लिकेशन कसं चालतं ते बघायला. एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. केंद्रातला मुलगा चाळीस मिनिटं अर्ज भरत होता. गुण, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कॉलेजांचा पसंतीक्रम. शेवटच्या पानावर एक नोड मेमरी संपून पडला. लोड बॅलन्सरने इमानदारीत दुसऱ्या नोडवर पाठवलं आणि तिथे लॉगिनचं पान आलं. सगळं गेलं. बाईंनी त्या मुलाला एकच विचारलं, ‘आता गाडी चुकेल का?’ मला त्यांच्याकडे बघवेना. मागे डॅशबोर्डवर मात्र सगळं हिरवं होतं, कारण ‘सेवा’ चालू होती.

त्यानंतर मी ठरवलं, नोड पडला तरी माणसाचं काम पडता कामा नये. तुमच्या मांडणीत पडतं. म्हणून तो शब्द वापरला आणि मागे घेणार नाही.

अश्विनी_क:
विक्रांतदादा, किस्सा वाचून वाईट वाटलं, पण प्रश्न वेगळाच आहे. चाळीस मिनिटांचा अर्ज सेशनमध्ये ठेवलाच कशाला? प्रत्येक पानाला ‘पुढे’ दाबलं की मसुदा डेटाबेसमध्ये जायला हवा. सेशनमध्ये फक्त लॉगिन. मग नोड पडो, वीज जावो, केंद्र सहाला बंद होवो, उद्या त्याच पानापासून सुरू. वीज जाते तेव्हा तुमचं रेप्लिकेशन त्या बाईंच्या काय कामाचं? सेशनची मूळ मुदतच ३० मिनिटं असते. दाखला आणायला माणूस घरी गेला की सेशन संपलं.

देवगडकर:
मॉड-जेकेचं नाव निघालंच आहे तर विचारतो. एजेपी, म्हणजे मॉड-जेके टॉमकॅटशी ज्यातून बोलतं तो प्रोटोकॉल, अजून वापरताय? त्यातली २०२० ची घोस्टकॅट ही त्रुटी विसरलात? एजेपीचं ८००९ पोर्ट उघडं ठेवलेल्या सर्व्हरवरून ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचता येत होत्या. आम्ही घाईने टॉमकॅट ९.०.३१ वर गेलो, तर एजेपी कनेक्टर मुळातच बंद आणि चालू केला तर सीक्रेट (दोन्हीकडे एकच गुप्त शब्द) हवं. आमच्याकडे मॉड-जेकेऐवजी अपाचीचं मॉड-प्रॉक्सी-एजेपी होतं आणि त्यात सीक्रेट द्यायची सोय अपाची २.४.४२ पासून. आमचं अपाची जुनं. रात्री दोन वाजता सीक्रेट-रिक्वायर्ड फॉल्स करून, म्हणजे सीक्रेटची सक्ती काढून, आणि फायरवॉल आवळून सकाळ काढली. तेव्हापासून साधं एचटीटीपी आणि एचए-प्रॉक्सी हा लोड बॅलन्सर. तुम्हीही सोडा.

रात्रपाळी:
मॉड-जेकेला वर्कर्स फाइलमध्ये सीक्रेट आधीपासून देता येतं आणि आमचं ८००९ आतल्या नेटवर्कबाहेर कधीच नव्हतं. धागा त्याचा नाही, कृपया.

अश्विनीताईंचा मुद्दा शंभर टक्के पटतो. आम्ही रेप्लिकेशन काढलं तेव्हा हेच केलं, मसुद्याचं टेबल.

विक्रांत_स:
म्हणजे सेशनचा भार डेटाबेसवर ढकलला! क्लस्टरमध्ये डेटाबेस बहुधा एकच असतो आणि तोच आधी गुदमरतो. तीन नोड, प्रत्येकी मॅक्स-थ्रेड्स (एका वेळी हाताळायच्या रिक्वेस्ट) २००, शेवटच्या दिवशी सगळे ‘पुढे’ दाबतायत. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन. बसा मग.

अश्विनी_क:
दादा, थ्रेड आणि कनेक्शन एकास एक कोण ठेवतं? मधे मोजकी कनेक्शनं आळीपाळीने वापरायला देणारा ‘कनेक्शन पूल’ असतो. हिकारी या पूलची मूळ मर्यादा १०, तीन नोड म्हणजे ३०. मसुद्याची एक ओळ लिहायला कनेक्शन क्षणभर अडकतं. सहा पानांचा अर्ज म्हणजे सहा वेळा लिहिणं, तेही माणूस पाच-सात मिनिटं पान भरल्यावर. याने डेटाबेस गुदमरत असेल तर इंडेक्स बघा.

आणि डेल्टा मॅनेजर फुकट आहे का? तो प्रत्येक सेशनची प्रत प्रत्येक नोडला पाठवतो, ॲप्लिकेशन जिथे डिप्लॉय केलेलं नाही तिथेसुद्धा. चारेक नोडच्या पुढे वापरू नका असं डॉक्युमेंटेशनच म्हणतं. एक नोड मेमरी संपून पडला म्हणालात ना? प्रत्येक नोडवर सगळ्यांची सेशनं ठेवून मेमरी वाचणार होती का?

विक्रांत_स:
मोठ्या क्लस्टरला बॅकअप मॅनेजर आहे, तो एकाच नोडला प्रत देतो. एवढं माहीत नसताना शिकवू नका.

अश्विनी_क:
माहीत आहे. दोन वर्षं चालवलाय. आवाज चढवल्याने ‘वीज गेली तर काय’ याचं उत्तर मिळत नाही. त्या बाईंचं नाव घेऊन तुम्ही रात्रपाळींना फसवे म्हणालात आणि त्या बाईंना खरंच वाचवणारी गोष्ट सांगितली तर डेटाबेसची भीती घालताय. मला याचा राग आला आहे.

सांगली_नेटवर्क:
दोघांनाही एक विनंती. स्टिकी म्हणजे कुकीने, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं, आयपी पत्त्यावरून नोड ठरवणारं आयपी-हॅश नव्हे. ते आयपीव्ही-४ पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच बघतं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये साठ मुलं एका सार्वजनिक पत्त्यामागे बसतात. परीक्षा अर्जाच्या दिवशी साठही एकाच नोडवर, दुसरा नोड माश्या मारत होता. मोबाइलवाल्यांचंही तेच.

आणि रेप्लिकेशन लावणाऱ्यांनी मल्टिकास्टचा, म्हणजे नोड एकमेकांना ज्यावर शोधतात तो पत्ता बदला. २२८.०.०.४, पोर्ट ४५५६४ सगळीकडे तसंच सोडलेलं असतं. एका ठिकाणी टेस्टिंगचा टॉमकॅट त्याच नेटवर्कवर असल्यामुळे प्रॉडक्शनच्या क्लस्टरमध्ये सामील झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

नवीन_रुजू:
मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे दोन नोड, मॉड-जेके, स्टिकी चालू. बऱ्याच लोकांचं पहिलं लॉगिन फुकट जातं, दुसऱ्यांदा केलं की चालतं. ऑफिसात सगळे म्हणतात, ‘दोनदाच करायचं असतं.’ हे रेप्लिकेशन नसल्यामुळे आहे का?

विक्रांत_स:
हेच तर मी सांगतोय. लावा रेप्लिकेशन.

रात्रपाळी:
थांबा, लावू नका! आधी दोन्ही मशीनवर सर्व्हर डॉट एक्सएमएल ही टॉमकॅटची सेटिंगची फाइल उघडा आणि इंजिनच्या ओळीतला जेव्हीएम-रूट, म्हणजे नोडचं नाव, बघा. मग ब्राउझरमध्ये जे-सेशन-आयडी ही सेशनची कुकी बघा. शेवटी टिंबानंतर नोडचं नाव असतं. पहिल्या मशीनवरची फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी कॉपी झाली असेल तर दोन्हीकडे एकच नाव असेल. मग दुसऱ्या नोडवर सेशन घेतलेला माणूस पहिल्याचं नाव लावून फिरतो. पुढची रिक्वेस्ट पहिल्याकडे, तिथे त्याचं सेशनच नाही. परत लॉगिन केलं की पहिल्यावरच चिकटतो, म्हणून चालतं. रेप्लिकेशन लावलंत तर बहुतेक ही चूक झाकली जाईल आणि सगळा भार पहिल्यावरच राहील.

आणि विक्रांत, ठरवून रीस्टार्ट करायचा असेल तर नोड मॉड-जेकेच्या स्टेटस पानावर डिसेबल्ड करतो. जुनी सेशनं तिथेच राहतात, नवीन येत नाहीत. तासाभरात रिकामा झाला की बंद. उरतो तो अचानक पडलेला नोड. त्यात माणूस लॉगआउट होतो, हे मी मान्य करतो. मसुदा असल्याने अर्ज जात नाही, एवढंच.

विक्रांत_स:
लॉगआउट होतो हे मान्य केलंत, ठीक. सेवा केंद्रात ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो आणि मोबाइल शेतात असतो. लॉगआउटसुद्धा लहान गोष्ट नाही, म्हणून रेप्लिकेशन मी काढणार नाही. अर्ज मात्र सेशनमधून बाहेर काढतो, वीज जाण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘धूळफेक’ हा शब्द तुमच्या मांडणीला लागू नाही. मसुदा न ठेवता नुसतं स्टिकी लावणाऱ्यांना तो अजूनही लागू आहे.

देवगडकर:
एजेपीचं कोणीच बोललं नाही.

नवीन_रुजू:
रात्रपाळी सर, दोन्ही फायलींत नोड१ आहे. दुसऱ्या मशीनचा सीपीयू बघितला, दीड टक्का. आज रात्री बदलते.