अनुभव धागा : मॉडेल रेल्वेचे सांधे हाताने बदलणाऱ्यांनो, इथे लिहा

लोखंडी_वाट
परवा एका स्टेशनवर जुनी सिग्नल केबिन उतरवताना बघितली. लिव्हर काढून भिंतीला टेकवून ठेवलेले, काळे पॉइंटचे (म्हणजे सांध्याचे, जिथून गाडी दुसऱ्या रुळावर वळते), निळे लॉकचे, लाल सिग्नलचे. आईचे काका सांधेवाले होते, त्यांनी लहानपणी मला असल्याच काळ्या लिव्हरला हात लावू दिला होता, ओढताना अख्खं अंग लागायचं. घरी आलो आणि आमच्या लेआउटवरची बटणं बघून वाटलं की यात सांधा बदलल्याचं काही कळतच नाही. आता नवीन यार्ड बांधतोय त्याचे सगळे सांधे हातानेच करणार. एचओ स्केल म्हणजे 1:87, पेको कंपनीचे सांधे, प्लायवर कॉर्क. तुम्ही काय निवडलंत, का निवडलंत, बसवलंत कसं ते सविस्तर लिहा ना.

गॅलरीतला_गार्ड
पेको आहेत ना, मग काही लावूच नका. आत स्प्रिंग असते, बोटाने ढकला, टक् करून त्या बाजूला बसतो आणि तिथेच राहतो. फक्त यार्ड कडेला घ्या. हात आरामात पोचतो दोन फूट, फार तर अडीच. त्यापुढे वाकलं की बाही सिग्नलला अडकते नि डबे आडवे.

सुलभा_पॅसेंजर
मी सायकलचे स्पोक वापरलेत, सगळीकडे. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या दादांकडून घेतले, स्टीलचे, पावसाळ्यात गंजत नाहीत आणि आमच्याकडे रत्नागिरीला तेच महत्त्वाचं. टेबलाच्या पुढच्या पट्टीला भोक, त्यातून पितळेची बारीक नळी, नळीतून स्पोक, बाहेरच्या टोकाला आटे असतात तिथे लाकडी मणी फिरवून बसवला की धरायला मूठ झाली. आतल्या टोकाला वायरिंगच्या कनेक्टरमधला दोन स्क्रूवाला पितळी तुकडा लावायचा, त्यात पियानो वायर उभी, ती खालून वर येऊन सांध्याच्या आडव्या पट्टीतल्या भोकात जाते. स्क्रू सैल करून मागेपुढे करता येतं हे सगळ्यात छान, ॲडजस्ट होतं. ओढला की लूप (बाजूची लाइन), ढकलला की मेन, सगळे स्पोक सारखेच ठेवलेत म्हणजे पाहुण्यांनाही सांगावं लागत नाही. थांबा कुकर झाला

चिऊची_आई
मणी!! भारी आयडिया ताई. आमच्या चिऊला फक्त सांधेवालाच व्हायचंय, गाडी चालवायची नाही म्हणते.

बुधवार_पेठ
इलेक्ट्रोफ्रॉग असेल तर नुसत्या स्पोकवर भागत नाही. फ्रॉग, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, त्यात धातूचा असतो, सांधा ज्या बाजूला त्या रुळाचा करंट त्याला मिळाला पाहिजे. पेकोमध्ये तो टंग रेल (सरकणारी जीभ) स्टॉक रेलला (बाजूच्या पक्क्या रुळाला) टेकते त्यातून येतो, तिथे धूळ आली की छोटं इंजिन बरोबर सांध्यावर थांबणार. म्हणून मी साधा सहा पायांचा स्लाइड स्विच लावतो, आमच्या बुधवार पेठेत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो बोर्डाखाली स्क्रूने बसवायचा, त्याच्या खटक्याला भोक पाडून तार वर सांध्याला आणि दांडा पुढे टेबलाच्या कडेला. एकाच हालचालीत सांधा सरकतो, फ्रॉगचा करंट बदलतो, आणि स्विच स्वतःच अडकून राहतो म्हणून स्प्रिंग नसलेल्या सांध्यालाही चालतो. दुसऱ्या बाजूचे तीन पाय मोकळे राहतात त्यावर लाल हिरवा एलईडी. स्विचची चाल सांध्यापेक्षा जास्त असते, तो फरक तार वाकून घेते, त्यामुळे तार फार जाड नको. फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइनर घालायचे नाहीतर डीसीसीवर (डिजिटल कंट्रोलवर) लगेच शॉर्ट.

लोखंडी_वाट
वा, हे मनापासून हवं होतं. सांध्याखालचं भोक केवढं पाडता?

बुधवार_पेठ
8 ते 10 मिमी. आणि रूळ चिकटवायच्या आधी पाडा. खडी टाकताना त्या पट्टीपाशी गोंद अजिबात जाऊ देऊ नका, आधी तेलाचा थेंब लावून ठेवायचा.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे कॅबूस इंडस्ट्रीजचे ग्राउंड थ्रो सर्रास वापरतात, रुळाच्या कडेलाच छोटा लिव्हर, उलटा टाकला की सांधा बदलला. पाकिटात वेगवेगळी टोकं येतात. पेकोची स्प्रिंग आहे तशी ठेवलीत तर स्प्रिंगवाला थ्रो घ्यायची गरज नाही. माझं एन स्केल आहे, 1:160, त्यात ते डब्याशेजारी राक्षसी दिसतात म्हणून मी ब्लू पॉइंट घेतले, ते बोर्डाखाली असतात, हातानेच चालतात आणि फ्रॉगसाठी कॉन्टॅक्ट आतच. पण काय सांगू, ग्राउंड थ्रोची मजा त्यात नाही. शंटिंग करताना गाडीबरोबर चालत जायचं, सांध्यापाशी थांबायचं, टाकायचा, मग पुढे. गाडी आपोआप हळू चालवली जाते.

निवृत्त_पॉइंट्समन
पेंटर आहे का कोणी ओळखीचा, लिव्हर काळेच रंगवा. आणि एक सांगतो. खऱ्या रेल्वेत आम्ही टंग रेल आणि स्टॉक रेलच्या मध्ये 5 मिमीचा तुकडा घालून बघायचो, तुकडा आत असताना पॉइंट लॉक होता कामा नये. तुमच्या 87 पट लहान गाडीत ते कागदाच्या जाडीपेक्षाही कमी होतं बघा. तेव्हा सांधा बसवला की वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरायची आणि सांधा लावायचा, पट्टी ओढून निसटली तर तार नीट दाबत नाहीये. दोन्ही बाजूंना बघायचं. गाडी समोरून जिभेवर येते तिथे, म्हणजे फेसिंगला, दोनदा बघायचं.

लोखंडी_वाट
काका, नमस्कार तुम्हाला. ही टेस्ट उद्याच करतो.

कुर्डुवाडीकर
काका कुठल्या डिव्हिजनला होतात? आमचे आजोबा बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपला, नॅरोगेज असताना. अडीच फुटी गाडी ती.

निवृत्त_पॉइंट्समन
सोलापूर. कुर्डुवाडीला तेव्हा किती वेळा उतरलोय, व्यनि (खासगी निरोप) करा बोलू.

आडवी_मोटर
सगळं हाताने करा पण बोगद्यात, डोंगराखाली लपलेले सांधे मोटरनेच हवेत, दिसत नाही तिथे दांडा ओढून उपयोग नाही. सॉलेनॉइड (झटक्याने ओढणारी कॉइल) असेल तर बटण दाबून धरायचं नसतं, कॉइल जळते, कपॅसिटरवाला सर्किट लावा म्हणजे एकच झटका जातो. आणि टॉर्टॉइससारखी हळू मोटर लावलीत तर पेकोची स्प्रिंग काढावी लागते.

सुलभा_पॅसेंजर
आले परत. क्रॉसओव्हरचं, म्हणजे दोन शेजारचे रूळ जोडणाऱ्या सांध्यांच्या जोडीचं, राहिलं. दोन सांधे एकाच मुठीवर हवेत कारण एक इकडे एक तिकडे राहिला की गाडी पडणारच. टेबलाखाली दोन्ही तारा एका आडव्या पट्टीला जोडल्या आणि पट्टीला एक स्पोक. रूळ कडेला समांतर नसेल तर एल आकाराचा पत्रा मध्ये एका स्क्रूवर फिरता ठेवायचा, क्रँक, खऱ्या केबिनच्या रॉडला असतो तसाच.

चिऊची_आई
पुण्यात कर्वे रोडला ते मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे ना, जोशींचं, ते लहान मुलांना दाखवतात का? चिऊ सहा वर्षांची

बुधवार_पेठ
हो हो नक्की न्या. भाऊ जोशींनी केलेलं, 1998 पासून आहे. एचओचंच आहे. जायच्या आधी शोची वेळ फोन करून विचारा.

गॅलरीतला_गार्ड
माथेरानच्या गाडीला पण न्या तिला, सांधा ओढणारा माणूस जवळून दिसेल.

लोखंडी_वाट
ठरलं माझं. पुढच्या सांध्यांना स्लाइड स्विच आणि स्पोक दोन्ही, मागे लपलेल्या दोनांना मोटर. सुलभाताई, स्पोक 26 च्या चाकाचा का 28 चा?

सुलभा_पॅसेंजर
28 चा, जवळजवळ फूटभर मिळतो, उरलेला कापता येतो. आटे नसलेल्या बाजूने कापा मात्र.