शब्दचर्चा : दोर, दोरी आणि मधली गाठ

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या दोन दिवसांच्या पतंगोत्सवात, मांज्यात अडकलेले पक्षी सोडवायला आम्ही काही जण बडोद्यात दोर लावून झाडांवर चढतो. यंदा नव्या मुलांसाठी साहित्याची यादी मराठीत करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. दोरावर चढताना जी दातेरी मूठ लावतात, म्हणजे वर ढकलली की सरकते आणि वजन पडलं की दोराला चावून बसते, तिला काय म्हणावं? एका मित्राने 'आरोहक' सुचवलं. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. 'दोराला दोरी म्हटलं तर चालेल ना?' असंही एका मुलाने विचारलं. त्याला मात्र मी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं.

पुण्याहून : 'आरोहक' नकोच. गिर्यारोहक म्हणजे माणूस, मग 'आरोहक वर पाठव' म्हटल्यावर खालच्याने माणूस पाठवायचा की वस्तू? सह्याद्रीत आम्ही सगळे 'जुमार' म्हणतो. 'जुमार लाव', 'जुमार काढ', इतकं ते रुळलंय. तोच शब्द ठेवा.

इथल्याच दांडिया बाजारातून : अरे, 'पकड' काय वाईट आहे? आपला शब्द, आणि कामही तेच.

काका, मीही आधी 'पकड'च लिहिलं होतं. पण वरून 'पकड पाठव' म्हणून ओरडलो तर पिशवीतून तार कापायची पकड वर आली! मुलाची काहीच चूक नव्हती, त्याच्या घरी पकड म्हणजे तीच. तेव्हा जुमारच ठेवतो. एरवी मला आयता परका शब्द उचलायला आवडत नाही, पण याचं मूळ कळल्यावर हा शब्द आपलासा वाटला. १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ज्यूसी आणि मार्ती या दोघांनी ही मूठ तयार केली आणि दोघांच्या आडनावांचे पहिले तुकडे जोडून 'जुमार' हे नाव झालं. ज्यूसी गरुडांचा अभ्यास करत होते. घरट्यांपर्यंत पोचायला दोरावर चढावं लागे, त्यातून ही वस्तू निघाली. म्हणजे जी वस्तू पक्ष्यांपायी जन्मली, तीच घेऊन आम्ही घारी सोडवायला चढतो. त्यात भाषांतर करण्यासारखा अर्थच नाही, नुसती माणसांची नावं आहेत.

खरी अडचण जुमारपेक्षा गाठीची आहे. एकट्या जुमारच्या भरवशावर आम्ही कोणाला चढू देत नाही. सोबत बारीक दोराच्या वेढ्यांची प्रुसिक गाठ असतेच. ती कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. बारीक दोराची टोकं जोडून केलेला बंद जाड दोराभोवती तीनदा आतून काढून गुंडाळायचा. हाताने लोटली तर गाठ सरकते, वजन टाकलं की आवळते. आपल्याकडे निरगाठ आहे, ती सुटता सुटत नाही. सुरगाठ आहे, टोक ओढलं की सुटते. ही दोन्ही नव्हे. सुटत तर कधीच नाही, पण जागा बदलते. म्हणून मी यादीत 'सरकगाठ' लिहिलंय. कोणाला याहून नेमका शब्द माहीत असेल तर जरूर सांगा.

आता दोर आणि दोरी. बाहेरच्यांना हा कीस पाडल्यासारखा वाटेल, पण बडोद्यात 'दोरी' म्हणजे पतंगाची दोरी. आपली मराठी घरंही गुजरातीसारखंच बोलतात, 'दोरी कितीची आणली?' दोन वर्षांपूर्वी एक काळा शराटी वडाच्या शेंड्याला पंखाने लटकला होता. वर आमचा मुलगा कात्री घेऊन पोचला, आणि खालून कोणी काका कळवळून ओरडले, 'अरे, दोरी काप, दोरी काप!' त्यांना मांजा म्हणायचं होतं, मुलालाही तेच कळलं. पण त्याच्या कात्रीपासून वीतभर अंतरावर त्याचा स्वतःचा दोर ताणलेला होता, आणि ताणलेल्या दोराला धार लागली की तो कसा तुटतो ते मी पाहिलंय. त्या दिवसापासून आमच्यात नियम आहे : ज्यावर माणूस लटकतो तो दोर, ज्यात पक्षी अडकतो तो मांजा. 'दोरी' हा शब्द झाडाखाली उच्चारायचाच नाही.

'ढील'चंही तेच. त्या दोन दिवसांत प्रत्येक गच्चीवरून 'ढील दे, ढील दे' चालू असतं. आम्हीही दोर सैल करायला ढील म्हणायचो. एकदा शेजारच्या गच्चीवरची आरोळी ऐकून खालच्याने दोर दिला. चढणारा हातभरच खाली आला, सरकगाठीने धरलं, पण त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. आता आम्ही 'सैल' म्हणतो, तेही नाव घेऊन. 'सोड' फक्त पक्ष्याच्या बाबतीत.

पुण्याहून : तुम्ही एकच दोर फांदीला बांधून चढता की फांदीवरून फिरवून?

दोन्ही. आधी वजनाच्या पिशवीला बारीक सूत बांधून ती फांदीवरून फेकायची, मग सुतामागून दोर ओढायचा आणि दोघांनी लटकून फांदी तपासायची. एक टोक बांधून टाकलं की आम्ही त्याला 'बांधीव दोर' म्हणतो. त्यावर जुमार चालतो. दुसरा 'फिरता दोर' : एक हात वर जायला दोन हात दोर ओढावा लागतो, आणि तो सालीवर घासतो. वडाची साल सोलली की चीक दोराला लागतो, मग गाठ चिकटते. झाडालाही जखम होते. म्हणून फांदीवर कड्यांचा पट्टा टाकून दोर त्या कड्यांतून नेतो. त्याला नाव दिलेलं नाही, 'कड्यांचा पट्टा' पुरतं.

इथल्याच रावपुऱ्यातून : पाय ठेवायच्या फासाला तुम्ही 'फास' लिहिलंय, ते बदला. फास आवळतो. तुमचा तो आवळत नाही ना? घोडेस्वाराच्या पायाखाली असते ती रिकीब. आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द रोज असायचा.

ताई, काय नेमका शब्द दिलात! यादीत खोडून लिहिलं : 'रिकीब, एक. पाय ताठ करून उभं राहिल्यावर जुमार छातीपाशी येईल इतकी लांब ठेवावी.'