दलदल न पाहता वाजवलेली दलदल: क्रीडन्सचा आवाज अस्सल मानायचा की नाही?

तारकंप

परवा दोन मित्रांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, क्रीडन्स क्लीअरवॉटर रिव्हायवल हा अमेरिकेतला रॉक बँड नकली, कारण 'बॉर्न ऑन द बायू' (बायूवर जन्मलेला) म्हणणारा माणूस बायूवर जन्मलाच नव्हता. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

बायू म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियानातलं संथ, गढूळ, जवळजवळ थांबलेलं पाणी. कोकणातल्यांनी खाजण डोळ्यांपुढे आणावं, खारफुटीच्या जागी सायप्रस. बँडचा गायक जॉन फॉगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड हे चौघे मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एल सेरिटो गावचे. 'बायू कंट्री' ही तबकडी १९६९च्या जानेवारीत आली, ध्वनिमुद्रण हॉलीवूडमध्ये. 'ग्रीन रिव्हर'मागची नदीही कॅलिफोर्नियातलीच, विंटर्स गावाजवळची प्यूटा क्रीक. हे सगळं मान्य.

आता 'बॉर्न ऑन द बायू'चे पहिले वीस सेकंद ऐका. गिटारवर एकच कॉर्ड धरलेली आणि त्यावर ट्रेमोलो. सूर हलत नाही, फक्त ॲम्प्लिफायर आवाज ठरावीक गतीने लहानमोठा करत राहतो, पाण्यावर उजेड हलावा तसा. मग ड्रम येतो, जड आणि बिनघाईचा. वर फॉगर्टीचा घसा, ज्यात ब्लूज गायक हाउलिन वुल्फची गुरगुर आहे आणि रॉक अँड रोलवाल्या लिटल रिचर्डची किंकाळीही. शिकागोचा ब्लूज, मेम्फिसचा रॉकाबिली, कंट्री आणि गॉस्पेल अशा चार घरची माणसं एका पंगतीला बसलीत आणि कोणी उपरं वाटत नाही. १९६९ या एका वर्षात त्यांनी तीन तबकड्या काढल्या, तेही त्यांच्या आसपासचे सॅन फ्रान्सिस्कोचे बँड लांबलचक, धूसर, स्वप्नाळू वाजवत असताना. ही मुलं बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांत संपवायची.

हे कानांनी शिकलेलं आहे. ओकलंडच्या रेडिओवर लागणारा ब्लूज ऐकत ती वाढली. माझ्या लेखी ते शिकणं जन्मदाखल्याइतकंच खरं आहे.

जुनी तबकडी

तुमचं प्रेम कळतं, पण असहमत. तुम्ही वर्णन केलेली प्रत्येक गोष्ट क्राउली नावाच्या लुईझियानातल्या छोट्या गावात दहा वर्षं आधी घडून गेली होती. तिथे जे. डी. मिलरचा स्टुडिओ होता. लाइटनिन स्लिम, स्लिम हार्पो, लोनसम सनडाउन, लेझी लेस्टर हे सगळे तिथे वाजवायचे आणि तबकड्या नॅशव्हिलच्या एक्सेलो कंपनीकडून निघायच्या. स्वॅम्प ब्लूज म्हणतात तो हा.

लेझी लेस्टर हार्मोनिका वाजवायचाच, पण मिलरकडे तो खोकी आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या बडवून ठेकाही धरायचा. प्रतिध्वनी, ट्रेमोलोवाली गिटार, नाकातून आल्यासारखा स्लिम हार्पोचा आवाज. 'आय ॲम अ किंग बी' १९५७चं. रोलिंग स्टोन्सनी ते १९६४ मध्ये आपल्या पहिल्याच तबकडीत घेतलं. हार्पोचं 'बेबी स्क्रॅच माय बॅक' १९६६ मध्ये आर-अँड-बीच्या (रिदम अँड ब्लूजच्या) यादीत पहिलं आलं, तरी पोटासाठी त्याला ट्रकचा धंदा सोडता आला नाही. १९७०च्या जानेवारीत, युरोपचा दौरा तोंडावर असताना, ४६व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

त्याच सुमाराला क्रीडन्स अमेरिकेतल्या सर्वांत खपणाऱ्या बँडांपैकी एक होता. माझी तक्रार फॉगर्टीच्या गळ्याबद्दल नाही. 'दलदलीचा आवाज' म्हटलं की जगाला तोच आठवतो आणि लेस्टर आठवत नाही, याबद्दल आहे.

ह्यूस्टनकर

एक बारीकशी गोष्ट. मी ह्यूस्टनला राहतो, आमच्या शहरातूनच बफेलो बायू वाहतो. इथून पूर्वेला गाडी घेऊन गेलं की लाफायेतच्या आधी क्राउली लागतं. आणि क्राउलीत दलदल नाही, भाताची शेती आहे! सपाट, पाणी भरलेली खाचरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भंडारा-गोंदियाकडे आल्यासारखं वाटलं. खरी दलदल लाफायेत ओलांडल्यावर, अचाफलायाच्या खोऱ्यात. त्यावरचा पूल साधारण २९ किलोमीटर लांब आहे. म्हणजे स्वॅम्प ब्लूजसुद्धा दलदलीत नाही, भातखाचरांच्या गावात मुद्रित झाला.

खर्जातला

मग गायक टोनी जो व्हाईटला विसरू नका. हा लुईझियानातल्या ओक ग्रोव्हकडचा, आईवडील कापूस पिकवणारे. त्याचं 'पोक सॅलड ॲनी' १९६९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. पोक ही रानभाजी. पाला विषारी, उकळून उकळून पाणी फेकावं लागतं. अळू खाजू नये म्हणून चिंच घालणाऱ्या आपल्या आयांना हे लगेच कळेल. गरिबाघरचं खाणं त्याने जसं गाण्यात आणलं, तसं एल सेरिटोत बसून सुचत नाही. त्याचा खर्ज, मध्येच बोलल्यासारखं गाणं आणि वा-वा पेडलवरची ती चिखल तुडवणारी गिटार ऐकली की क्रीडन्स मला इस्त्रीचे कपडे घातल्यासारखे वाटतात.

'रांगडा' हा शब्द क्रीडन्सला चिकटवतात त्याबद्दलही थोडं. फॉगर्टी शिस्तीचा माणूस. बँड रोज तालीम करायचा. डगचं टोपणनाव कॉस्मो, त्यावरून तालमीच्या जागेला 'कॉस्मोज फॅक्टरी' म्हणत, १९७०च्या तबकडीचं नाव तेच. तो रांगडेपणा घोटून घोटून बसवलेला आहे.

तारकंप

@खर्जातला, घोटलेलं म्हणजे खोटं, हे मला मान्य नाही. तंबोरा जुळवायला अर्धा तास घेणाऱ्या गवयाच्या आर्ततेवर आपण कधी शंका घेतो का?

@जुनी तबकडी, पाळंमुळं त्यांनी लपवली नाहीत. १९६८च्या पहिल्या तबकडीतलं त्यांचं 'सुझी क्यू' साडेआठ मिनिटांचं आहे. मूळ गाणं १९५७चं, लुईझियानाच्या डेल हॉकिन्सचं, आणि त्यातली गिटार वाजवणारा जेम्स बर्टन तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. क्रीडन्सने ती गिटारची ओळ आदराने उचलली आणि तिला झोपाळ्यासारखं लांब लांब झुलवलं.

भूगोलाचंच म्हणाल तर गायक-पियानोवादक डॉ. जॉन घ्या. पक्का न्यू ऑर्लीन्सचा. त्याची 'ग्री-ग्री' (१९६८) ऐकताना अंगावर काटा येतो, वूडूची रात्रच ती. मुद्रित कुठे झाली? लॉस एंजेलिसला, सनी आणि शेर या गायक जोडीच्या नावावर ठरलेल्या स्टुडिओतल्या उरलेल्या वेळात. आणि आपल्याकडे पाहा. भीमसेनजी गदगकडचे, घरची भाषा कानडी. त्यांचे अभंग ऐकताना पंढरीच्या वाटेवरच्या कोणी त्यांना परका म्हटलं?

जुनी तबकडी

डॉ. जॉनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे स्टुडिओ परका होता, वाजवणारे न्यू ऑर्लीन्सचे होते.

भीमसेनजींचं उदाहरण मात्र मनापासून आवडलं, आणि त्यातच माझं उत्तर आहे. ते पुण्यात राहिले, इथलेच झाले. शिवाय तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं. गाणारा कितीही मोठा असो, त्यांचं नाव उच्चारल्याशिवाय तो अभंग पुरा होत नाही. लेझी लेस्टरच्या ठेक्याला अशी नाममुद्रा नाही. उलट मिलर आपल्या कलावंतांच्या गाण्यांवर जे. वेस्ट या टोपणनावाने स्वतःचं नाव घालायचा. आणि जो मिलर काळ्या कलावंतांकडून हे अमर काम करून घेत होता, तोच साठच्या दशकात रेब रेबेल या लेबलवर वर्णद्वेषी गाण्यांच्या तबकड्या काढत होता. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस एक्सेलोची एकही तबकडी लावता आली नाही. मग परत लावली, कारण वाजवणाऱ्यांचा त्यात काय दोष?

खर्जातला

मालकीवरून आठवलं. फॉगर्टीच्या जुन्या गाण्यांचे हक्क क्रीडन्सच्या तबकड्या काढणाऱ्या फँटसी कंपनीकडे होते. १९८५च्या 'सेंटरफील्ड'मधलं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे त्याच्याच १९७०च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असा दावा कंपनीने लावला. स्वतःचीच चोरी केल्याचा आरोप! १९८८ मध्ये त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून ज्युरीला दाखवलं की दोन्हींत सारखी आहे ती त्याची शैली, गाणी वेगळी आहेत. ज्युरीने मान्य केलं. वकिलांच्या खर्चाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९४ मध्ये तोही त्याच्या बाजूने लागला. म्हणजे दलदलीचा हा बाज त्याचा स्वतःचा आहे, हे त्याला कोर्टात सिद्ध करावं लागलं.

जुनी तबकडी

ती केस तो जिंकला याचा मला आनंदच आहे, कंपनीने त्याला फार छळलं. फक्त 'त्याचा स्वतःचा' या शब्दांशी मी अडखळते. ज्युरीसमोर गिटार घेऊन बसायची संधी स्लिम हार्पोला मिळाली असती, तर त्यानेही हेच वाजवून दाखवलं असतं.

तारकंप

हा घाव बसला. बँडवरचं माझं मत बदललेलं नाही, पण काल रात्री तुमच्यामुळे 'बेबी स्क्रॅच माय बॅक' हेडफोन लावून सलग चार वेळा ऐकलं. इतकी कमी वाद्यं आणि त्यांच्यामध्ये इतकी मोकळी जागा! लगेच 'बॉर्न ऑन द बायू' लावलं तर ते पहिल्यांदाच मला गर्दीचं वाटलं. लाइटनिन स्लिमचं कुठून सुरू करू?

जुनी तबकडी

'रूस्टर ब्लूज'पासून. रात्रीच ऐका, आणि हार्मोनिका कुठे आत येते तिकडे लक्ष ठेवा.