१२ वर्षांचा मुलगा, होमस्कूलिंग, आणि लिखाणासाठी करिक्युलम कुठला घ्यावा?

मुलुंडची आई

नमस्कार मंडळी. मुलगा जूनमध्ये १२ चा झाला, चौथीनंतर शाळा सोडली, म्हणजे आता सातवीचं वय. गणित, विज्ञान, इतिहास आपापल्या गतीने छान चाललंय, गाडी अडलीये ती लिखाणात.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. मागच्या आठवड्यात भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो होतो. बाहेर बागेत तो मोठा दगडी हत्ती आहे ना, घारापुरीचा, त्याच्यासमोर हा अर्धा तास उभा. परत येताना भायखळ्यापासून मुलुंडपर्यंत ट्रेनमध्ये त्या हत्तीचीच गोष्ट, की पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव याच हत्तीवरून दिलं, १८६४ मध्ये इंग्रज तो उचलून इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना पडला, तुकडे झाले, मग ते तुकडे इकडे मुंबईत आणले आणि पुढे १९१४ मध्ये जोडले. समोर बसलेल्या बाई उतरायचं स्टेशन आलं तरी ऐकत होत्या. घरी आल्यावर म्हटलं आता हेच लिही. पाऊण तासाने वही आली, त्यात चार ओळी. "आम्ही संग्रहालयात गेलो. तिथे हत्ती होता. तो जुना आहे. खूप मजा आली."

मला खरंच रडू आलं त्या वहीकडे बघून. एवढं सगळं डोक्यात आहे ते जातं कुठे?

आधी एक ऑनलाइन रायटिंग क्लास लावला होता, सहा महिन्यांचे पैसे भरून. तिथे प्रत्येक निबंधाला एकच साचा, सुरुवातीला सुविचार, मधे तीन मुद्दे, शेवटी 'इन कन्क्लुजन'. मार्क चांगले मिळायचे पण तो आणखीच गप्प झाला, चौथ्या महिन्यात बंद केला. आता आयईडब्ल्यू, रायटिंग विथ स्किल आणि ब्रेव्ह रायटर या इंग्रजी लिखाणाच्या तीन करिक्युलमबद्दल वाचतीये. दहावी एनआयओएसमधून (म्हणजे सरकारी मुक्त विद्यालय बोर्ड) की आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) हे ठरलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं इंग्रजी लिखाण पक्कं करू, मला मराठी सुटायला नकोय. कोणी वापरलंय का यातलं काही? कुठून सुरू करू?

दहिसरचा बाबा

ताई, माझी मुलगी आता १५ ची आहे, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहितो.

करिक्युलम विकत घेण्याआधी एक करून बघा. त्याला हत्तीची गोष्ट परत सांगायला लावा आणि तुम्ही फोनवर रेकॉर्ड करा, नाहीतर व्हॉइस टायपिंग लावा, मराठी बऱ्यापैकी उमटतं. मग त्याने सांगितलेलं त्यालाच वाचायला द्या. बोलताना गोष्ट नीट क्रमाने येत असेल तर विचारांची अडचण नाहीये, अडचण आहे ती डोक्यातलं धरून ठेवत एकीकडे अक्षर काढायचं, शुद्धलेखन सांभाळायचं, वाक्य जुळवायचं, हे सगळं एकदम करण्याची. आणि बोलतानाही उड्या मारत असेल तर आधी क्रम लावायला शिकवायला लागेल. दोन्हीवर उपाय वेगळे आहेत, आम्ही हे न बघता पुस्तकं घेतली आणि एक वर्ष गेलं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं पहिली अडचण आहे. तसं असेल तर आयईडब्ल्यूचं की वर्ड आउटलाइन बघाच. त्यांचे ए, बी, सी असे लेव्हल आहेत, बी साधारण सहावी ते आठवी. पद्धत अशी की एक छोटा उतारा घ्यायचा, प्रत्येक वाक्यातून जास्तीत जास्त तीन शब्द उचलायचे, आकडे आणि छोटी चित्रं कितीही चालतात. मग मूळ उतारा बाजूला ठेवायचा, त्या शब्दांवरून आधी तोंडी सांगायचं आणि मग लिहायचं. म्हणजे काय लिहू हा प्रश्न सुटलेला असतो, फक्त कसं लिहू एवढंच उरतं. आम्ही हे मराठीत केलं, किशोर मासिकाच्या जुन्या अंकांतले उतारे घेऊन. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत. तुमच्या हत्तीचं असं होईल:

घारापुरी, बंदर, हत्ती
पोर्तुगीज, नाव, एलिफंटा
१८६४, इंग्लंड, उचलला
पडला, तुकडे
मुंबई, बाग, १९१४

बघा, पाच ओळीत अख्खी गोष्ट बसली. आता प्रत्येक ओळीची दोन वाक्यं कर म्हटलं तर दहा वाक्यं होतात आणि त्यातलं एकही 'खूप मजा आली' नसतं.

एकच सांगतो, त्यांच्यात पुढे ड्रेसअप्स येतात, म्हणजे प्रत्येक परिच्छेदात एक क्रियाविशेषण, एक जोरकस क्रियापद, एक बिकॉजवालं वाक्य वगैरे यादी करून टिक करायचं. काही मुलांना ती यादी आधार वाटते. तुमचा मुलगा साच्याने आधीच दुखावलाय, त्यामुळे तो भाग उशिरा आणा किंवा एका वेळी एकच घ्या.

पार्ल्याची मनाली

मी स्वतः होमस्कूल झालेली आहे, आता १९ ची, म्हणून मुलाच्या बाजूने सांगते. मला १३ व्या वर्षी रायटिंग विथ स्किलचं पहिलं लेव्हल दिलं होतं. ३६ आठवड्यांचं आहे आणि सूचना थेट मुलांनाच उद्देशून लिहिल्यात, आईने समोर बसून शिकवायची गरज कमी पडते, मला ते फार आवडलं कारण मी आणि आई दोघी तोपर्यंत एकमेकींवर वैतागलो होतो. सारांश काढणं, परिच्छेदाचा मुख्य मुद्दा एका ओळीत पकडणं, मग घडलेली घटना क्रमाने लिहिणं असं हळूहळू जातं. पण वाचन भरपूर आहे आणि सगळं इंग्रजीत, त्यामुळे जो मुलगा मराठीत विचार करतो आणि चार ओळींवर अडलाय त्याला लगेच देऊ नका असं मला मनापासून वाटतं. वर्षभराने द्या.

ब्रेव्ह रायटरचं फ्रीरायटिंग मात्र उद्यापासून सुरू करता येईल, त्याला पुस्तक पण लागत नाही. टायमर लावायचा, सुरुवातीला पाच मिनिटं, पेन थांबवायचं नाही, काही सुचलं नाही तर 'काही सुचत नाहीये' हेच लिहायचं, आणि हे महत्त्वाचं, त्याने स्वतःहून दिल्याशिवाय तुम्ही वाचायचं नाही. माझी आई पण बाजूला बसून तिचं लिहायची. एक वही अजून आहे माझ्याकडे, पहिली दहा पानं निव्वळ तक्रारी आहेत आणि अकराव्या पानावर अचानक आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं दोन पानी वर्णन आहे. कुठून आलं मला आजही माहीत नाही.

परीक्षेचं टेन्शन आत्ता घेऊ नका. एनआयओएसच्या दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाच विषय घ्यायचे आणि त्यात दोन भाषा घेता येतात, म्हणजे इंग्रजीबरोबर मराठी ठेवता येईल. २० टक्के मार्क घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला असतात. आयजीसीएसईचं फर्स्ट लँग्वेज इंग्लिश वेगळं आहे, तिथे दिलेले उतारे वाचून त्यावर भाषण, पत्र किंवा लेख लिहायचा असतो आणि शिवाय एक वर्णन नाहीतर गोष्ट. दोन्हीकडे वाचलेलं आपल्या शब्दात मांडता येणं हाच पाया आहे. पण हाताला वेग लागतो हो! मी सगळं टाइप करायचे आणि पहिल्या पेपरला दीड तासात मनगट भरून आलं होतं. रोज एक पान हाताने लिहू दे.

दादरच्या बाई

मी तीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. वर दोघांनी इतकं चांगलं लिहिलंय की पद्धतींबद्दल मी फार बोलत नाही. मला बोलायचंय ते वही आपल्या हातात आल्यावर आपण काय करतो त्याबद्दल.

त्या चार ओळी वाचून तुम्ही काय म्हणालात ते आठवून बघा, रागवत नाहीये मी. मुलाने लिहिलं 'तो जुना आहे'. यावर "एवढंच?" म्हटलं की पुढच्या वेळी तीन ओळी येतात. "किती जुना? तुला कसं कळलं? हात लावून पाहिलास का, दगड गार होता का?" असं विचारलं की तो उत्तर देतो आणि मग म्हणायचं, हे जे आत्ता बोललास ना, ते त्या ओळीच्या खाली लिही. मी वर्गात साठ वह्या तपासायचे तेव्हा हे शक्य व्हायचं नाही आणि त्याची खंत मला आजही आहे. तुमच्याकडे एकच वही आहे. कुठलाही करिक्युलम आणा, हे प्रश्न पुस्तक विचारणार नाही, ते तुम्हालाच विचारावे लागतील.

लाल पेन पंधरा दिवस कपाटात ठेवा. नंतरही एका वेळी एकच नियम घ्या. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, एकदम अंगावर टाकले की मुलं चुकू नये म्हणून सोपे शब्दच वापरतात आणि भाषा वाळत जाते. पहिले पंधरा दिवस फक्त एवढंच, की मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, पाटी, जादू, वाळू. पुढचे पंधरा दिवस फूल आणि फुलाला, बहीण आणि बहिणीला, म्हणजे प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व कसा होतो ते. त्याच्याच वहीतले शब्द शोधायला लावा, त्याला ते कोडं सोडवल्यासारखं वाटतं. वर्षाअखेर बरेचसे नियम अंगवळणी पडतात आणि एकही वही रक्तबंबाळ होत नाही.

आणि मराठी विरुद्ध इंग्रजी असं घरात भांडण लावू नका. मुद्दे काढणं, क्रम लावणं, समोरच्याला काय माहीत नाही हे ओळखणं, हे एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावं लागत नाही, तिथे फक्त शब्द आणि वाक्यरचना शिकावी लागते. ज्या भाषेत तो ट्रेनभर बोलतो त्या भाषेत आधी लिहू दे. बालभारतीची सहावी ते आठवीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आणि नववी-दहावीच्या कुमारभारतीत उपयोजित लेखन आहे, पत्र, बातमी, जाहिरात, सारांश. शाळेत आम्ही ते परीक्षेसाठी घोटून घेतो. तुम्ही खरं करून घ्या. पत्र असेल तर खऱ्या माणसाला, बातमी असेल तर तुमच्या सोसायटीत खरोखर घडलेली.

'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' सध्या नको. छत्रीच्या मनात शिरण्याआधी त्याला त्याच्या स्वतःच्या मनातलं लिहू दे.

मुलुंडची आई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले म्हणून काय झालं ते सांगायला आले.

दादा म्हणाले तसं रेकॉर्ड केलं. ११ मिनिटं बोलला आणि क्रम अगदी बरोबर, एकदाच मागे गेला आणि तेही "थांब, हे आधी सांगायला हवं होतं" असं म्हणून. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं, मी उगाच समजत होते की त्याला मुद्देच सुचत नाहीत. मग तीन-तीन शब्दांची आउटलाइन त्याने स्वतः केली, तुमची दाखवली नाही. त्याच्या आउटलाइनमध्ये एका ओळीत फक्त साखळी, क्रेन आणि एक पडणाऱ्या हत्तीचं चित्र आहे. त्यावरून दीड पान झालं, दोन दिवसांत.

बाई, तुमचं वाचून मी खरंच आठवून पाहिलं आणि मी "एवढंच?" असंच म्हणाले होते. आता प्रश्न विचारते. दगड गार होता का हे विचारलं तर म्हणाला नाही, उन्हात होता, चांगला तापला होता, आणि ते लिहिलं त्याने.

मनाली, फ्रीरायटिंग पण सुरू केलंय, मी माझ्या वहीत लिहिते, तो त्याच्या. अजून दाखवलं नाहीये आणि मी मागितलंही नाही. इंग्रजीसाठी आयईडब्ल्यूचं बी लेव्हल दिवाळीनंतर घेऊ असं आम्ही दोघांनी ठरवलंय, नवरा पण तयार झाला, तोपर्यंत मराठीतच.

आता एक अडलंय. तेच दीड पान त्याने पत्र म्हणून सावंतवाडीला आजोबांना पाठवायचं ठरवलंय, तीर्थरूप वगैरे घालून, पाकीटही आणलं. आजोबा स्वतः शिक्षक होते आणि पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या निदान पंचवीस चुका आहेत. 'पोर्तूगिज' तर पाच वेळा. टाकण्याआधी दुरुस्त करून घेऊ का? त्याला वाईट वाटेल आणि नाही केलं तर आजोबांना काय वाटेल.

दादरच्या बाई

दुरुस्त करू नका, आहे तसंच टाका. फक्त पाकिटावरचा पत्ता आणि पिनकोड नीट वाचता येतोय एवढं बघा. आजोबांना आधी फोन करून सांगा की चुका काढून परत पाठवू नका, तुम्ही उत्तर लिहा आणि त्या उत्तरात पोर्तुगीज हा शब्द दोन-तीनदा येऊ द्या.