कोहली नोकरीत राहिले, मूर्तींनी नोकरी सोडली : आद्य प्रवर्तक म्हणायचे कोणाला?

धागा : निवृत्त विद्युत अभियंता, मुंबई

आमच्या गृहसंकुलात दहावी-बारावीच्या मुलांचा नुकताच सत्कार झाला. पाहुण्यांनी कंपन्या काढणाऱ्यांची नावे एकामागून एक घेतली आणि ‘नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा’ असे मुलांना बजावले. टाळ्याही भरपूर पडल्या. मला मात्र त्या वेळी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संगणक कंपनी उभी करणारे फकीरचंद कोहली आठवत होते. त्यांचे नाव कोणीच घेतले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

कोहलींनी आयुष्यभर नोकरीच केली. त्यांचा जन्म १९२४ साली पेशावरचा. लाहोर, मग कॅनडा, मग अमेरिकेतील एमआयटी असे शिक्षण करून ते १९५१ साली मुंबईत टाटांच्या वीज कंपनीत लागले आणि तिथे त्यांनी सुमारे अठरा वर्षे काढली. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या जलविद्युत केंद्रांतून येणारी वीज आणि मुंबईतल्या गिरण्या, लोकलगाड्या व घरे यांची मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. ज्याने भारनियंत्रण कक्षात एक पाळी काढली आहे, त्याला एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाला किती वेगाने पोहोचते हे वेगळे सांगावे लागत नाही. १९६९ साली कोहली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे प्रमुख झाले, तेव्हा सगळी यंत्रणा एकत्र पाहण्याची ही वीजघरातली सवय त्यांनी संगणकाच्या कामात आणली असे मी मानतो. त्या कंपनीचे सुरुवातीचे काम टाटा स्टीलसारख्या समूहातल्याच कंपन्यांसाठी पंचकार्डे, म्हणजे संगणकाला माहिती पुरवणारी छिद्रे पाडलेली जाड कागदाची कार्डे, तयार करण्याचे होते. तिथून १९७४ साली अमेरिकेच्या बरोज या संगणक बनवणाऱ्या कंपनीचे काम मिळाले आणि १९८१ साली पुण्यात संशोधन केंद्र उभे राहिले.

मी १९७६ साली नोकरीला लागलो तेव्हा पंचकार्डांचे गठ्ठे हाताळले आहेत. एका कार्डावर ऐंशी स्तंभ आणि आज्ञावलीची (प्रोग्रामची) एक ओळ. गठ्ठा हातातून निसटला तर क्रम परत लावता यावा म्हणून त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने एक तिरकी रेघ ओढून ठेवायची. रेघ सलग दिसली की गठ्ठा बरोबर लागला. ज्या देशात संगणक म्हणजे एवढे कष्टाचे प्रकरण होते, त्या देशात पगारी अधिकाऱ्याने एक सबंध उद्योग उभा केला. माझे म्हणणे एवढेच की, मुलांपुढे हा रस्ताही ठेवला पाहिजे.

प्रतिसाद १ : लहान सॉफ्टवेअर कंपनीचा मालक, पुणे

साहेब, कोहलींबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण आपल्या मांडणीतून एक गोष्ट निसटली आहे. धोका कोणाचा होता? त्या काळी संगणक आयात करायचा तर सरकारी परवानगी, जबर शुल्क आणि निर्यातीतून परकीय चलन मिळवून देण्याची हमी, हे सगळे पार पाडावे लागे. ते काम फसले असते तर नुकसान टाटा समूहाचे झाले असते. कोहलींच्या घरची चूल विझली नसती.

नारायण मूर्तींचे पाहा. पुण्यात १९७६ च्या सुमारास काढलेली त्यांची ‘सॉफ्टट्रॉनिक्स’ ही पहिली कंपनी दीड-दोन वर्षांत बंद पडली. मग त्यांनी पटनी कॉम्प्युटर्समध्ये नोकरी धरली, तीही १९८० च्या अखेरीस सोडली आणि पुढच्या वर्षी सात जणांनी १०,००० रुपयांवर इन्फोसिस काढली. दूरध्वनीची जोडणी मिळायला वर्ष, संगणकाच्या आयातीला त्याहूनही अधिक काळ. १९९० साली कंपनी दहा लाख डॉलरांना विकण्याचा प्रस्ताव समोर आला आणि सहकारी डळमळले, तेव्हा ‘तुमचे भाग मी विकत घेतो’ असे मूर्ती म्हणाले, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. १९९३ साली ९५ रुपयांनी काढलेल्या समभागांनाही पुरेसे खरेदीदार मिळाले नव्हते. ही सगळी वर्षे मोजा आणि मग सांगा की, हे सातजण पटनींकडेच राहिले असते तर काय झाले असते.

मी स्वतः १९९९ साली नोकरी सोडली आणि पहिली तीन वर्षे दर महिन्याच्या २८ तारखेला माझी झोप उडत असे, कारण १ तारखेला पाच जणांचे पगार द्यायचे असत. तो अनुभव कोणत्याही वरिष्ठ अधिकाऱ्याला नोकरीत मिळत नाही.

प्रतिसाद २ : बँक कर्मचारी, नाशिक

दोघांच्याही लिखाणात एक व्यक्ती दिसत नाही, म्हणून लिहिते. ते १०,००० रुपये सुधा मूर्तींच्या बचतीतले होते. सुधाताई पुण्यात टेल्कोमध्ये (आताची टाटा मोटर्स) अभियंता होत्या. ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशी अट घालणाऱ्या जाहिरातीवर त्यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिले आणि मग त्यांना ती नोकरी मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. इन्फोसिस उभी राहत होती तेव्हा त्या पुण्यात वालचंद समूहात नोकरी करत होत्या. म्हणजे मूर्तींनी नोकरी सोडली हे खरे, पण मूर्तींच्या घराने नोकरी सोडली नव्हती.

पुणेकर साहेब, आपण २८ तारखेच्या चिंतेबद्दल फार प्रांजळपणे लिहिले आहे. रागावू नका, पण त्या तीन वर्षांत घरचा किराणा कोणाच्या पगारातून येत होता? आमच्या शाखेत छोट्या व्यवसायाच्या कर्जासाठी येणाऱ्या तरुणांच्या कागदपत्रांत बहुतेक वेळा आईचे, पत्नीचे किंवा बहिणीचे वेतनपत्र जोडलेले असते. कर्ज त्या कागदावर मंजूर होते. प्रवासाची कहाणी सांगताना तो कागद मात्र बाजूला पडतो. मूर्तींनी पुढे जाहीरपणे मान्य केले की, सुधाताईंना कंपनीबाहेर ठेवण्याचा आग्रह चुकीचा होता. ते ऐकून मला बरे वाटले, पण फार उशीर झाला होता.

प्रतिसाद ३ : इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे दुकान, सातारा जिल्हा

काका, तुमचा आणि मालकांचा वाद आयआयटी-एमआयटी शिकलेल्यांबद्दल चालला आहे. आमच्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांचे नाव मी पुढे करतो. दहावीनंतर त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, पुढे स्वतःचे दुकान टाकले आणि धाकटे बंधू संजय यांना संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस फार सापडत, म्हणून संजय यांनी ते काढण्याची आज्ञावली लिहिली. त्यातून ‘क्विक हील’ झाली आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते दुकानातले काम. बिघडलेला कॅल्क्युलेटर उघडला की आधी भिंग लावून सोल्डरचे सांधे पाहायचे. चांगला सांधा चकाकतो, सुटलेला मळकट दिसतो आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक गोल भेग असते. ती ओळखायला मला वर्ष लागले आणि त्या वर्षाचा पगार मला माझ्या उस्तादांनी दिला. काटकरांनाही हीच शाळा मिळाली असणार. ती नोकरीही होती आणि धंद्याची तयारीही होती. त्यामुळे ‘नोकरी करू नका’ असे मुलांना सांगणारे पाहुणे मला पटत नाहीत, आणि आयुष्यभर नोकरीच करा असेही मी माझ्या मुलाला सांगणार नाही.

प्रतिसाद ४ : सनदी लेखापाल, डोंबिवली

गुंतवणुकीच्या क्षेत्राबद्दल थोडे. राकेश झुनझुनवालांनी १९८५ साली शेअर बाजारात ५,००० रुपयांवर सुरुवात केली, हे वाक्य आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा मुलगा म्हणतो. ते सनदी लेखापाल होते, वडील आयकर अधिकारी होते, मुंबईत राहायला वडिलांचे घर होते आणि ताळेबंद वाचण्याचे शिक्षण आधीच झाले होते, हे मात्र त्याला माहीत नसते. १९८६ साली टाटा टीचे समभाग ४३ रुपयांना घेऊन त्यांनी १४३ च्या आसपास विकले. त्यात धाडस होतेच, पण त्या धाडसाखाली अभ्यास होता.

माध्यमांकडे पाहिले तर सुभाषचंद्र यांनी धान्याचा व्यापार, टूथपेस्टच्या नळ्यांचा कारखाना आणि गोराईचे एस्सेलवर्ल्ड एवढे केल्यावर १९९२ साली झी टीव्ही काढला. त्याच गृहस्थांना २०१९ च्या जानेवारीत कर्जदात्यांची जाहीर माफी मागावी लागली. पुण्याच्या साहेबांना विचारतो : धोका पत्करणे हीच प्रवर्तकाची कसोटी असेल, तर या प्रवासाची किंमत आपण १९९२ साली करायची की २०१९ साली?

प्रतिसाद ५ : प्रतिसाद १ चे लेखक

नाशिकच्या ताईंचा प्रश्न रास्त आहे. त्या तीन वर्षांत माझी पत्नी शाळेत शिकवत होती आणि घर तिच्या पगारावर चालले. मी हे आधीच लिहायला हवे होते. परंतु तिनेही तो धोका समजून उमजून पत्करला होता, त्यामुळे धोका कमी झाला नाही, तो दोघांचा झाला.

लेखापाल साहेबांना उत्तर : दोन्ही साली. झी आल्यावर दूरदर्शनखेरीज दुसरे काही पाहण्याची सोय घराघरांत झाली, हे २०१९ च्या माफीने पुसले जात नाही, आणि कर्जाची चूकही १९९२ च्या कामगिरीने झाकली जात नाही. प्रवर्तक चुकला तर त्याचे नाव घेऊन चूक दाखवता येते. मोठ्या समूहातला अधिकारी चुकला तर बहुधा त्याची बदली होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

प्रतिसाद ६ : धागाकर्ता

शेवटचे वाक्य मला मान्य करावे लागते. मी तसे होताना पाहिले आहे.

तरीही कोहलींबद्दल एक राहिले. १९९६ साली कंपनीचे प्रमुखपद सोडल्यावर त्यांनी प्रौढ साक्षरतेचे काम हाती घेतले. संगणकावरच्या धड्यांतून निरक्षर माणसाला सुमारे चाळीस तासांत आपल्या भाषेतले साधे वाचन करता यावे, असा तो उपक्रम होता. अक्षरे एकेक न शिकवता ओळखीचे शब्द आधी चित्रासारखे दाखवायचे आणि त्यांतून अक्षरे सुटी करायची, ही त्याची रीत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम पाहिले. यांतल्या कशातही त्यांची मालकी नव्हती. पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाला, भागभांडवल नसताना, पुन्हा नव्या कामाच्या पहिल्या पायरीवर उभे राहावेसे वाटते, ते कशामुळे? आपल्या धोक्याच्या मोजपट्टीवर हे कुठे बसते, ते सांगावे.

प्रतिसाद ७ : प्रतिसाद १ चे लेखक

ते माझ्या मोजपट्टीवर बसत नाही, हे खरे आहे. पुढच्या वर्षीच्या सत्काराला आपणच बोला. कोहलींवर अर्धा तास घ्या, मूर्तींवर पाच मिनिटे ठेवा, आणि सातारच्या दुकानदारांना पाहुणे म्हणून बोलवा. भिंग आणि एक उघडलेला कॅल्क्युलेटर त्यांनी सोबत आणला, तर मी पुण्याहून ऐकायला येतो.