पवई की बंगळुरू? अनुभव सांगा

आम्ही लातूरचे. मुलीला जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकवर पवईच्या आयआयटी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्स मिळतंय आणि बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) विज्ञानाची चार वर्षांची पदवीही. आयआयएससीचे प्रवेश जोसाच्या (आयआयटीसारख्या संस्थांच्या एकत्रित जागावाटपाच्या) बाहेर होतात, त्यामुळे दोन्हीकडच्या तारखा वेगवेगळ्या सांभाळतोय. जोसात ‘फ्लोट’ करून ठेवलंय, म्हणजे मिळालेली जागा धरून वरच्या पसंतीची वाट बघायची. तिला विचारलं तर म्हणते, दोन्ही आवडतं. जे तिथे शिकले किंवा ज्यांची मुलं शिकली, त्यांनी कृपया लिहा.

•

पवई, २००९ ची बॅच, मेकॅनिकल. आमच्या वेळी पहिल्या वर्षाच्या सीपीआयवर, म्हणजे गुणांच्या सरासरीवर, शाखा बदलता यायची. ‘आधी आत जा, मग बदल’ असं सगळेच सांगायचे. त्या नादात माझं पहिलं वर्ष नुसतं गुण मोजण्यात गेलं आणि शाखा काही बदलली नाही. मिळतेय तीच शाखा शेवटपर्यंत शिकायची आहे, असं धरूनच ठरवा. बाकी पवईनं मला माणसं दिली. हॉस्टेलच्या आमच्या विंगमधले आठ जण आजही एकमेकांच्या आजारपणाला धावून येतात.

•

मी आयआयएससीत २०१३ साली गेलो. संस्था १९०९ ची, पण पदवीचे विद्यार्थी घ्यायला सुरुवात २०११ मध्ये झाली. म्हणजे आम्ही तिसरीच बॅच, आणि नातेवाइकांना नावही ठाऊक नव्हतं. ‘आयआयटी नाही मिळाली का रे?’ हे मी दोन दिवाळ्या ऐकलं.

मला फिजिक्सच करायचं होतं. पण पहिली तीन सेमिस्टर सगळ्यांना सगळं: गणित, रसायन, जीवशास्त्र, इंजिनिअरिंगचे विषयसुद्धा. बायोलॉजीच्या लॅबमध्ये कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचेवर ठेवलं, वरून कव्हरस्लिप ठेवून अंगठ्यानं दाबलं. दोनदा काच तडकली. तिसऱ्यांदा दिसलं: एका पेशीत गुणसूत्रं मधोमध ओळीनं उभी, शेजारच्या पेशीत दोन बाजूंना ओढली जाताना. बारावीला हेच चित्र मी पाठ करून पाच गुण मिळवले होते, पण पाहिलं त्या दिवशी. मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडताना जीवशास्त्र लिहिलं. शाखा आधीच पक्की असती तर त्या टेबलापर्यंत मी पोचलोच नसतो. चौथ्या वर्षी प्रबंधाचं काम असतं, तेव्हा मात्र महिनोन्‌महिने प्रयोग फसतात. ते सोसायची तयारी हवी.

•

वरचं वाचून छान वाटलं, पण आमच्या घरावर कर्ज होतं. ‘काय आवडतं ते शोध’ म्हणण्याइतका वेळ आमच्याकडे नव्हता. मी पवई घेतली ती १ डिसेंबरला सुरू होणाऱ्या प्लेसमेंटकडे बघून, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही. ताई-दादा, घरची परिस्थिती मुलीपासून लपवू नका, तिला आकडे दाखवा.

•

मी आई, सांगलीची. पैशाचं निघालंच आहे म्हणून सांगते. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला २ लाख, पण कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ आणि ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आजच काढायला टाका. माझा मुलगा बंगळुरूला गेला. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सोडायला गेले होते. पहिले चार महिने तो फोनवर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणायचा. दिवाळीनंतर एकदा आपणहून फोन केला आणि पाऊण तास एका गणिताबद्दल बोलत राहिला. मला त्यातलं काहीही कळलं नाही. मी गॅस बंद करून ऐकत बसले.

•

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. कांद्याचा भाग तिनं पुन्हा वाचायला लावला, आणि मग कर्जाचाही. काल रात्री पहिल्यांदा आमची पासबुकं तिच्यासमोर ठेवली. शनिवारी तिघं बंगळुरूला निघतोय, येताना पवईत उतरणार आहोत.