डीम्ड मेडिकल कॉलेजचं 2 लाख डिपॉझिट भरावं का?

बार्शीकर: लेकीची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा झाली. राज्याच्या यादीत सरकारी सीट अगदी काठावर आहे. एमसीसीत, म्हणजे केंद्राच्या मेडिकल प्रवेश समितीकडे, डीम्डसाठी (अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांसाठी) 5 हजार नोंदणी आणि 2 लाख अनामत मागतात. पतसंस्थेतली एफडी मोडावी लागेल. बायको म्हणते भरा, मेहुणा म्हणतो बुडतील. काय करू?

माई: दादा, नोंदणीचे 5 हजार गेलेच समजा. अनामत परत मिळते. पहिल्या फेरीत लागलेली सीट नाही घेतली तरी चालतं. पण दुसऱ्या फेरीपासून सीट सोडली की अनामत जप्त! म्हणून परवडत नाही ते कॉलेज चॉइसमध्ये टाकायचंच नाही. आणि भरा स्वतःच्याच खात्यातून, परतावा त्याच खात्यात येतो. आमच्या भाच्याने नेट कॅफेवाल्याच्या कार्डवरून भरले, मग बसला त्याच्या दारात चकरा मारत.

बार्शीकर: फी बघितली. वर्षाला 25 लाखांच्या आसपास, होस्टेल वेगळं.

सोलापुरी: मग अनामतीचा प्रश्न येतोच कुठे? एमबीबीएसच्या साडेचार वर्षांच्या फीची तजवीज असेल तर भरा, नाहीतर राज्याच्या फेऱ्यांवर लक्ष द्या. एफडी राहू द्या.

बार्शीकर: ठीक. मेहुणा आता वर्षभर ऐकवणार.